टाकी भरलीये म्हणे!

फोनवर टाकी १०० टक्के भरलेली दिसत होती आणि इकडे तोंडाला साबण लावलेल्या माणसाच्या नळातून नुसती हवा येत होती. तो माणूस मीच. टाकीत पाणी किती आहे हे फोनवर दाखवणारी यंत्रणाही मीच, एका सुटीच्या दिवशी हौसेने जोडलेली. त्यामुळे ओरडायला दुसरं कुणी नव्हतं. टॉवेल गुंडाळला, गच्चीवर गेलो, झाकण उघडलं. टाकीचा तळ स्वच्छ दिसत होता.

बिघाड अगदीच किरकोळ निघाला, त्याच्याकडे येतोच. पण झाकण हातात धरून उभा असताना मला आपल्या भाषेतला एक इवलासा शब्द आठवला: ‘म्हणे’. ‘टाकी भरली’ आणि ‘टाकी भरली म्हणे’. पहिलं वाक्य बोलणाऱ्याने आत डोकावून पाहिलेलं असतं. दुसरं बोलणाऱ्याने कुणाकडून तरी ऐकलेलं असतं, आणि उद्या खोटं निघालं तर तो हात झटकून मोकळा. घड्याळ, फोन, गाडी, दिवा, कुलूप, ज्याच्या आधी हल्ली ‘स्मार्ट’ लावतात ते काहीही घ्या; त्याला बाहेरच्या जगाबद्दल जे ठाऊक असतं ते सगळं या दुसऱ्या जातीचं. फक्त पडद्यावर तो ‘म्हणे’ छापलेला नसतो.

डिजिटल जग आणि प्रत्यक्ष जग जोडलं जातं म्हणजे नेमकं काय होतं, हे कळायला दोनच जागा नीट बघाव्या लागतात. एका जागी जगातल्या घडामोडीचा आकडा होतो. दुसऱ्या जागी आकड्याची पुन्हा घडामोड होते, म्हणजे काहीतरी हलतं, तापतं, उघडतं, वाजतं. मधलं वायफाय, क्लाउड, अ‍ॅप हे सगळं निरोप पोचवायचं काम. जाहिराती मधल्या भागाच्या होतात. घोळ बहुतेक वेळा दोन टोकांना होतात.

पाणी मोजलंच नव्हतं

माझ्या टाकीच्या झाकणाला आतून आगपेटीएवढी एक पट्टी लावलेली आहे. तिच्यावर डोळ्यांसारखे दिसणारे दोन गोल डबे. दिसतात डोळे, पण एक तोंड आहे आणि दुसरा कान. तोंडातून ४०,००० हर्ट्झचा आवाज सुटतो, आठ लाटांचा एक छोटासा चिवचिवाट. आपल्याला तो ऐकू येत नाही, कारण माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झच्या पुढे जात नाही. आवाज खाली जातो, पाण्यावर आपटतो, परत येतो आणि कान तो टिपतो. पाणी एक मीटर खाली असेल तर या जाण्यायेण्याला साधारण ५.८ मिलिसेकंद लागतात.

आता बघा, या पट्टीने पाणी मोजलेलं नाही. अंतरसुद्धा मोजलेलं नाही. तिने मोजला तो वेळ. वेळेवरून अंतर काढलं माझ्या प्रोग्रामने, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून. हा वेग २० अंश सेल्सिअसच्या हवेतला. हवा एका अंशाने तापली की तो सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. भर उन्हात टाकीतली हवा ४० अंशांवर गेली की माझं गणित साडेतीन टक्क्यांनी चुकतं आणि पाणी आहे त्याहून थोडं वर आल्यासारखं दिसतं. अंतरावरून पातळी काढायची तर टाकीची खोली हवी. ती मी टेपने मोजून प्रोग्राममध्ये लिहिली. आणि परत आलेला आवाज पाण्यावरूनच आला, आत उतरलेल्या पाइपावर आपटून आलेला नाही, हे तर नुसतं धरून चाललेलं. पडद्यावर एकच आकडा दिसतो, ‘७२ टक्के’. त्याच्यामागे इतक्या जणांच्या शब्दावर ठेवलेला विश्वास असतो.

त्या दिवशी दमटपणाने सेन्सरची एक तार गंजून सुटली होती. कानाला काहीच ऐकू आलं नाही. असं झालं की माझ्या प्रोग्राममधली वेळ मोजणारी सूचना थोडा वेळ वाट बघते आणि शून्य परत देते. शून्य वेळ म्हणजे शून्य अंतर. शून्य अंतर म्हणजे पाणी थेट झाकणाला टेकलेलं. म्हणजे टाकी १०० टक्के भरलेली, पंप लावायची गरज नाही! एकेक पायरी बरोबर आणि निकाल असा. ‘उत्तर आलं नाही’ आणि ‘उत्तर शून्य आलं’ यातला फरक लहान मूलही ओळखतं. संगणक पक्का सांगकाम्या. त्याला तो फरक सांगावा लागतो, आणि मी सांगितला नव्हता.

हौशी लोकांमध्ये खूप चालणारा तापमानाचा एक सेन्सर आहे, डीएस१८बी२०. त्याला वीज मिळाली आहे पण मोजमाप अजून झालेलं नाही, अशा वेळी त्याला विचारलं तर तो ८५ अंश सांगतो. बिघाड नाही, त्याच्या माहितीपत्रकातच तसं लिहिलेलं आहे. ज्याने ते वाचलेलं नाही तो मात्र खोलीत एकदम ८५ अंश कसे झाले म्हणून धावत सुटतो. माझाही एकदा असा अर्धा दिवस गेला आहे.

मोजायचं एक, मोजलं जातं दुसरंच

सेन्सर या शब्दाने उगीच दडपण येतं. खरं तर सेन्सर म्हणजे अशी एखादी वस्तू, जिचा एक गुण दुसऱ्या कशामुळे तरी बदलतो आणि तो बदल विजेत पकडता येतो. तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरमध्ये असतो एक सिरॅमिकचा कण. तो तापला की त्याचा विद्युतरोध बदलतो. मोजला जातो रोध, सांगितलं जातं तापमान.

फोन आडवा केला की पडदा आडवा होतो, त्यामागची गोष्ट मला सगळ्यात आवडते. फोनच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो. त्याला कंगव्यासारखे दात असतात आणि ते दुसऱ्या, स्थिर कंगव्याच्या दातांमध्ये अडकवलेले असतात, एकमेकांना न शिवता. फोन हलला की ठोकळा मागे राहतो, दातांमधली फट बदलते आणि त्या फटीची विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते. फोन टेबलावर निवांत पडलेला असला तरी पृथ्वीच्या ओढीने ठोकळा जरासा खाली सरकलेला असतोच, त्यावरून फोनला ‘खाली’ कुठे आहे ते कळतं. गंमत म्हणजे फोन हातातून सुटून पडत असतो तेव्हा हा सेन्सर जवळपास शून्य दाखवतो, कारण ठोकळा आणि डबी दोन्ही एकदमच पडत असतात. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असलेले काही लॅपटॉप याच शून्याचा उपयोग करायचे. शून्य दिसलं, म्हणजे आपण पडतोय. चला, जमिनीवर आपटायच्या आत डिस्कवरचं डोकं बाजूला घ्या!

मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं असं आपण म्हणतो. ते हिरवा उजेड कातडीवर टाकतं आणि परत किती आला ते बघतं. रक्त हिरवा रंग चांगला शोषून घेतं. ठोक्याबरोबर मनगटात रक्त जरा जास्त येतं, परतणारा उजेड जरा कमी होतो. या चढउतारात घड्याळ ताल शोधतं आणि त्याला ठोके म्हणतं. तेच घड्याळ कागदाच्या एखाद्या निर्जीव गुंडाळीवर बांधलं तर कधीकधी तिचेही ठोके दाखवतं. घड्याळ खोटं बोलत नाही. त्याला ताल शोधायला सांगितलंय, ते ताल शोधतंय. आणि हातावर गडद गोंदण असेल तर उजेड तिथेच अडतो आणि जिवंत माणसाचे ठोके हरवतात.

नकाशावरचा निळा ठिपकाही याच बिरादरीतला. फोन उपग्रहांना काही विचारत नाही, काही पाठवत नाही. तो फक्त ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह सतत एवढंच सांगत असतात की आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजलेत आणि मी इथे आहे. तो निरोप पोचायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. अक्षांश, रेखांश, उंची ही तीन उत्तरं आणि फोनच्या स्वस्त घड्याळाची चूक हे चौथं, म्हणून किमान चार उपग्रह लागतात. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची. वेग आणि गुरुत्वाकर्षण या दोन्हींचा मिळून परिणाम असा की उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताने हे आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे त्याची दुरुस्ती व्यवस्थेतच केलेली आहे. उंच इमारतींच्या गर्दीत मात्र लहरी भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतात आणि आपला ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. माझ्या टाकीतल्या पाइपाचा प्रश्न, फक्त शहराएवढा मोठा.

उताराचा जिना

सेन्सरमधून येते ती वीज, कमीजास्त होणारी, सलग. संगणकाला सलग काही कळत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून मध्ये एक रूपांतरक बसवलेला असतो आणि तो उताराचा जिना करतो. साध्या दहा बिटांच्या रूपांतरकात ० ते ५ व्होल्ट या उताराच्या १,०२४ पायऱ्या होतात, एकेक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. दोन पायऱ्यांच्या मध्ये जगात काय चाललंय ते संगणकाच्या लेखी घडलेलंच नाही.

पायऱ्या किती उंच याइतकाच महत्त्वाचा प्रश्न: किती वेळाने बघायचं? संगीताच्या सीडीसाठी आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो. हा आकडा असाच उचललेला नाही. एखादी लहर पकडायची तर ती सेकंदाला जितक्या वेळा वरखाली होते त्याच्या दुपटीहून जास्त वेळा बघावं लागतं. कानाची मर्यादा २०,००० धरली तर दुप्पट ४०,००० आणि वर थोडी मोकळीक. कमी वेळा बघितलं तर नुसतं अर्धवट दिसत नाही, भलतंच दिसतं. चित्रपटात वेगाने धावणाऱ्या गाडीची चाकं उलटी फिरताना आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, ते यामुळेच. प्रत्येक चित्रात आरा जवळजवळ पुढच्या आऱ्याच्या जागी पोचलेला असतो आणि डोळ्याला वाटतं, तो मागे सरकला.

मी सुरुवातीला टाकी दर दहा मिनिटांनी बघायचो. पंप टाकी पंधरा मिनिटांत भरतो. एकदा बघितलं तेव्हा ६० टक्के, पुढचं बघणं होईपर्यंत गच्चीवर तळं. आता पंप बंद असताना दहा मिनिटांनी आणि चालू असताना पाच सेकंदांनी बघतो. इतकी साधी गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर खालच्या मजल्यावर ओल गेली नसती.

ही वस्तू कोण?

पातळी, तापमान, ठोके हे ‘किती’चे प्रश्न. ‘कोण’ हा प्रश्न वेगळाच, आणि तो सोडवायला संगणकाला दुसऱ्या युक्त्या लागल्या. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात च्युइंगगमच्या पाकिटावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या यंत्राने वाचल्या आणि बारकोडचा व्यवहार सुरू झाला. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने क्यूआर कोड तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन शोभेचे नाहीत. कॅमेरा तिरका धरला तरी कोड कुठे आहे आणि सरळ कसा करायचा ते यंत्राला त्यांच्यावरून कळतं. कोडचा काही भाग फाटला-मळला तरी तो वाचता येतो, कारण तीच माहिती ताडून बघता यावी म्हणून जास्तीचे ठिपके आधीच भरलेले असतात.

दाराला नुसतं टेकवायचं कार्ड याच घराण्यातलं. त्याच्यात बॅटरी नसते. वाचक यंत्र १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडत असतं; कार्डाच्या आत तारेची वेटोळी असते, तिच्यात त्या क्षेत्राने वीज तयार होते, तेवढ्यावर आतली चिप जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा झोपते. १९९९ मध्ये केव्हिन अ‍ॅश्टन यांनी ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हे शब्द वापरले ते अशाच चिपांबद्दल बोलताना. त्यांचा मुद्दा मला आजही नेमका वाटतो. तोवर संगणकाला जगाबद्दल जे ठाऊक होतं ते जवळजवळ सगळं माणसांनी टंकून, बटण दाबून किंवा फोटो काढून भरलेलं होतं. माणसाला वेळ कमी, लक्ष कमी. मग वस्तूंनी स्वतःच आपली खबर द्यायला काय हरकत आहे?

तशी खबर द्यायचा खटाटोप त्याआधीही झालाच होता. १९८२ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मंडळींनी थंड पेयाच्या यंत्रावरचे दिवे संगणकाला जोडले, कारण लांबून चालत जावं आणि यंत्र रिकामं असावं याचा त्यांना कंटाळा आला होता. बाटली थंड आहे का हेही संगणक सांगायचा. कसं? बाटली भरून तीन तास झाले की ‘थंड’. तापमान कुणी मोजतच नव्हतं. घड्याळ बघून सांगायचं, थंड झाली म्हणे.

निरोप्या

मधल्या भागाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. दोन गोष्टी मात्र सांगण्यासारख्या आहेत.

एक म्हणजे अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर नुसतं जाऊन यायलाच १०० मिलिसेकंद लागतात, कितीही पैसे खर्च केले तरी. गाडीतल्या एअरबॅगला धडक कळल्यापासून फुगून तयार व्हायला मिळतात शंभराहूनही कमी मिलिसेकंद. तिने क्लाउडला विचारायचं ठरवलं तर उत्तर येईल तेव्हा डोकं स्टिअरिंगवर आपटून झालेलं असेल. म्हणून जीवावरचे निर्णय जागच्या जागी, वस्तूच्या आतच घ्यायचे असतात. महिन्याचा हिशेब, हवामानाचा अंदाज, कोणत्या वेळी पाणी जास्त लागतं याचा अभ्यास ही कामं दूरच्या संगणकावर खुशाल द्यावीत.

दुसरी गोष्ट मृत्युपत्राची. छोटी उपकरणं एकमेकांशी बोलतात तेव्हा बऱ्याचदा एमक्यूटीटी नावाची रीत वापरतात. १९९९ मध्ये ती तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली, तिथे उपग्रहाची जोडणी महाग आणि बेभरवशाची होती. या रीतीत उपकरण जोडलं जातानाच एक शेवटचा निरोप मध्यस्थाकडे ठेवून देऊ शकतं: मी अचानक गप्प झालो तर सगळ्यांना हे सांगा. उपकरणाची वीज गेली, तार तुटली, की मध्यस्थ ते मृत्युपत्र वाचून दाखवतो. गप्प बसणं हीसुद्धा एक बातमी आहे, हे कुणाला तरी पंचवीसेक वर्षांपूर्वी सुचलं होतं. मला सुचायला साबण डोळ्यांत जावा लागला.

टक्

आता दुसरी जागा, आकड्याची घडामोड होण्याची. इथे संगणकाकडे फारसे अवयव नाहीत. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की चुंबक होतो, आणि मोटर, झडप, स्पीकर, विजेवर चालणारं कुलूप ही सगळी त्या एका युक्तीची पिलावळ. त्याशिवाय तापवणं आणि उजेड पाडणं. बस.

माझ्या पंपाला चालू-बंद करणारा रिले म्हणजे याचा सगळ्यात साधा नमुना. चिपच्या पायातून निघणारी वीज एक छोटा एलईडी पेटवण्यापुरती. पंपाच्या विजेला हात लावायची तिची ताकद नाही. म्हणून ती एका ट्रान्झिस्टरला खूण करते, ट्रान्झिस्टर रिलेच्या वेटोळ्यात वीज सोडतो, वेटोळं चुंबक होऊन एक पत्र्याची पट्टी ओढतं, पट्टीने पंपाची तार जोडली जाते. टक् असा आवाज येतो. प्रोग्राममधला ० चा १ झाला आणि खालच्या टाकीतलं पाणी वर चढायला लागलं. मी ही जोडणी कितीदा तरी पाहिली आहे, तरी तो टक् ऐकला की अजून बरं वाटतं.

पहिल्या दिवशी मात्र टक् एकदाच येऊन थांबला नाही. मी सांगितलं होतं, ९० टक्क्यांच्या खाली पंप चालू, वर बंद. पाणी ९० वर आलं आणि वरून पडणाऱ्या धारेने पृष्ठभागावर लाटा उठत होत्या. ८९, ९१, ८९, ९१. रिले टकटकटक करत पंपाचा जीव घेत होता. यावरचा उपाय जुना आहे: दोन रेषा ठेवायच्या. ४० च्या खाली गेलं की चालू, ९५ ला पोचलं की बंद, मधे काहीही झालं तरी चाललंय ते चालू द्यायचं. इस्त्रीतला, फ्रिजमधला साधा थर्मोस्टॅट हेच करतो.

बघायचं, सुधारायचं, पुन्हा बघायचं या चक्राला संगणकाचीही गरज नाही. १७८८ मध्ये जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात, त्यांच्या दांड्या वाफेची झडप थोडी मिटत, वेग उतरे. हे चक्र फार उतावळं असेल तर इंजिन एकदा जास्त, एकदा कमी असं झोके खात राहतं. ते का, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. माझ्या टकटकणाऱ्या रिलेचा वंशवृक्ष तिथपर्यंत जातो, हे कळल्यावर चूक केल्याचं दुःख जरा कमी झालं.

सांगितलं आणि झालं

अ‍ॅपमध्ये ‘पंप बंद’ अशी अक्षरं येतात तेव्हा त्याचा अर्थ काय? पंप बंद आहे असा आपण घेतो. प्रोग्रामच्या दृष्टीने अर्थ इतकाच: मी बंद व्हायला सांगितलं. रिलेची पट्टी ठिणग्यांनी चिकटून बसली असेल तर पंप चालूच राहील आणि अ‍ॅप शांतपणे ‘बंद’ दाखवत राहील.

याच फरकाने २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात घात केला. दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि पुन्हा मिटलीच नाही. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला, कारण तो झडपेच्या स्थितीला जोडलेला नव्हता, झडपेला दिलेल्या आज्ञेला जोडलेला होता. आज्ञा मिटण्याची गेली होती. दोन तासांहून जास्त वेळ थंड करणारं पाणी त्या झडपेतून निघून जात राहिलं. त्यात आणखी एक: अणुभट्टीच्या गाभ्यात पाणी किती आहे हे थेट दाखवणारं उपकरण तिथे नव्हतं. दाब सांभाळणाऱ्या वेगळ्या टाकीतल्या पातळीवरून अंदाज बांधायचा. ती पातळी चढलेली दिसली, माणसांना वाटलं पाणी जास्त झालंय, आणि त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. गाभ्याचा बराचसा भाग वितळला. टाकी भरलीये म्हणे.

बोइंग ७३७ मॅक्सची गोष्ट त्याहून अलीकडची. विमानाचं नाक हवेशी किती कोन करतंय हे मोजणारे दोन सेन्सर विमानावर होते, पण नाक आपोआप खाली दाबणारी प्रणाली एका वेळी एकाचंच ऐकायची. तो एक चुकीचं सांगू लागला आणि प्रणाली पुनःपुन्हा नाक खाली दाबत राहिली. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसं गेली. ऐकीव माहितीवर वागायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी विचारावं, हा चावडीवरचा शहाणपणा. यंत्रांच्या जगात त्यासाठी तीन सेन्सर लावून दोघांचं जुळेल ते धरायची पद्धत आहे. महाग पडते, वजन वाढतं, म्हणून सगळीकडे लावत नाहीत.

आणि जोड दोन्ही बाजूंनी उघडा असतो हेही खरं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. फार हुशारी लागली नाही. कारखान्यातून येताना असलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने एकाच वेळी मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन् तास अडखळल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता, कारण कॅमेरा आपलं चित्र दाखवतच होता.

माझ्या टाकीत आता दोन बदल आहेत. वरच्या कडेला एक फ्लोट स्विच लोंबतोय, प्लास्टिकचा बिनडोक गोळा. पाणी त्याला उचलतं तेव्हा तो रिलेच्या वेटोळ्याची वीज थेट तोडतो. प्रोग्रामला विचारत नाही, वायफाय लागत नाही. आणि पंपाच्या तारेभोवती एक कडं बसवलंय. तारेतून वीज वाहत असली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र असतं, ते या कड्याला कळतं. त्यामुळे अ‍ॅपवर आता दोन ओळी येतात. वरची: ‘पंप बंद करायला सांगितलं’. खालची, वीज खरंच थांबल्यावर: ‘पंप बंद झाला’.

आईला कौतुकाने दाखवलं. तिने चष्मा वर करून दोन्ही ओळी वाचल्या.

“वरची कशाला रे? खालची तेवढी ठेव.”

ठेवली. वरची ओळ आता खालची वीस सेकंदांत आली नाही तरच दिसते, लाल अक्षरांत.